कोपऱ्यात फूल नसेल तर

गेल्या महिन्यात या सदरात मी अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड या वस्तीतल्या गोधड्यांवर लिहिलं होतं. नदीच्या एका वळणात अडकलेलं ते गाव, कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांच्या लेकीसुनांचं. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि तिथून न्यूयॉर्कला गेल्या. त्या लेखावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी एखादी तरी वाकळ ट्रंकेत घडी घालून ठेवलेली असते, त्याचाच हा परिणाम असावा. त्यातली सहा पत्रं इथे घेते आहे. पहिल्याच पत्रावर जास्त जागा गेली, कारण ते मला सर्वांत जवळचं वाटलं.

*

बाई, पणजीला एका प्रदर्शनात मी एक गोधडी विकत घेतली. विकणारी मुलगी म्हणाली, ही सिद्दी बायकांची कवंद, आफ्रिकन वारसा आहे. घरी आणली तर सासूबाईंनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर आमचीच वाकळ. माझी आई अश्शीच शिवायची." आता मला कळेना. यात आफ्रिकन नेमकं काय आहे? की विकायचं म्हणून तसं सांगतात?
— एक वाचक भगिनी, डिचोली

तुमच्या सासूबाईंचं चुकलेलं नाही आणि त्या मुलीनंही तुम्हांला फसवलेलं नाही. दोघींचं खरं कसं, ते सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढची तीनशे वर्षं त्यांच्या जहाजांतून आफ्रिकेची माणसं इथे गुलाम म्हणून येत राहिली, बरीचशी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून. पालखी वाहायला, छत्री धरायला, स्वयंपाकाला, जहाजावर. आपल्याकडे त्यांना 'खाप्री' म्हणत. हा शब्द मी लहानपणी सत्तरीत ऐकला तो मुलांना भीती घालण्यासाठी. तो माणसांसाठी होता, हे मला चाळिशीत कळलं, आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. गुलामांच्या व्यापारावर पोर्तुगालनं बंदी घातली १८३६ मध्ये, गुलामगिरी कायद्यानं संपली १८६९ मध्ये. पण त्याआधीच कितीतरी जण मालकांकडून निसटून घाट चढले होते. आज येल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या बाजूच्या रानात जे सिद्दी राहतात, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज असे गोव्यातून पळालेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. आणि घरात बहुतेक जण कोकणीच बोलतात.

यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यापासून मला कापडाच्या दुकानात गेलं की आठवते. मोझांबिकच्या किनाऱ्यावर हस्तिदंत आणि माणसं विकत घेताना मोबदला म्हणून जे दिलं जाई, त्यात मोठा वाटा कापडाचा होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, दीव-दमणच्या बंदरांतून गेलेलं, गुजरातेतल्या मागांवर विणलेलं सुती कापड. आपल्या माणसांनी विणलेलं कापड देऊन माणसं घेतली गेली. त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी पुढे चिंध्या जोडून कवंद शिवली. तुम्ही पलंगावर अंथराल ती ही वस्तू आहे.

आता शिवण्याबद्दल. निवृत्त झाल्यावर मी अनमोड घाटातून रामनगरला आणि तिथून हल्याळजवळच्या एका वाडीवर गेले होते. दोन दिवस एका मावशींच्या ओसरीवर बसून नुसतं बघत होते. खाली जुनं लुगडं अंथरलेलं. एका कोपऱ्यापासून सुरुवात. हाताला येईल तो तुकडा, कडा आत दुमडून, धावदोऱ्यानं पक्का करायचा. मग शेजारी दुसरा. कडेकडेनं चारी बाजू फिरत फिरत आत यायचं, शेवटी मधोमध भेटायचं. आधी आखणी नाही, कापून मांडून ठेवणं नाही. माझी आजी आधी सगळे थर अंथरून, मोठे टाके घालून धरून ठेवायची. वरचं कापड शक्यतो सबंध, ठिगळ लागलं तर लाज वाटायची तिला. इथे ठिगळ हेच सगळं काम. मोठे तुकडे लावून झाले की त्यांच्यावर मुद्दाम छोटे चौकोन बसवले, भडक रंगाचे. त्यांना टिकली म्हणतात. आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांचं फूल. मी विचारलं, कोपऱ्यात फूल नाही लावलं तर? त्या हसल्या, "फूल ना जाल्यार नागडी दिसता गे ती!"

बघा, टाके, टिकली, फूल: एकही शब्द आफ्रिकेचा नाही. सगळे इथलेच. म्हणून सासूबाईंना ओळख पटली.

हेन्री जॉन ड्रूअल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं आधी नायजेरियाकडच्या योरुबा लोकांच्या कलेवर बरंच काम केलं आणि मग तो या सिद्दी बायकांकडे आला. ठसठशीत रंग, मोडता ताल, चालता चालता सुचेल तसं पुढे जाणं यात त्याला आफ्रिकेची चव दिसली. मलाही ती दिसते. पण इथल्या सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले आणि नायजेरिया-घाना पश्चिमेला. दोहोंमध्ये एक खंड आडवा पडलेला आहे. तेव्हा हा रंग तिकडचा आणि हा टाका इकडचा, अशी वाटणी करायला मी धजावणार नाही. माझं मत विचाराल तर प्रश्नच थोडा बदलायला हवा. ज्यांची भाषा गेली, नावं गेली, देव गेले, त्यांच्याकडे आपण आफ्रिकेचा पुरावा मागतो. आपल्या वाकळीकडे मात्र कुणी तिच्या मराठीपणाचा पुरावा मागत नाही. तुमच्या हातात आहे ती एका सिद्दी बाईनं सिद्दी रीतीनं, आपल्या नातवंडासाठी शिवावी तशी शिवलेली वस्तू. यापेक्षा जास्त आफ्रिकी तिनं काय व्हायला हवं?

जीज बेंडची एक गोधडी मी मागच्या लेखात जागेअभावी सोडली होती, ती इथे सांगते. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. १९४२ साली तिनं त्याचे शेतात घालायचे जुने कपडे उसवले आणि त्यांची गोधडी करून पांघरली. गुडघ्यांवर विटलेली पँट, शर्टांचे तुकडे, सगळं तसंच दिसतं. माझे आजोबा गेल्यावर आजीनंही त्यांची दोन धोतरं आपल्या वाकळीत आतल्या थरात घातली होती. बाहेरून दिसत नसत, पण कुठे आहेत ते तिला माहीत होतं. या दोघी एकमेकींच्या मैलोगणती दूर. तरी मिसूरीचं आडनाव पेटवे, ते तिच्या पूर्वजांच्या मालकाचं. माझ्या आजीचं आडनाव तिच्या घराण्याचं. कापड सारखं, हात सारखा, आणि फरक एवढाच. पण तो फरक केवढा!

कवंद उन्हात फार ठेवू नका, भडक लाल लवकर उतरतो. आणि भिंतीवर टांगण्यापेक्षा वापरा. पुढच्या वेळी घेताना मात्र कुणी शिवली तिचं नाव विचारा आणि मागच्या बाजूला सुईनं घाला.

*

व्हॉट्सॲपवर आलं होतं की अमेरिकेतल्या गुलाम बायका गोधड्यांवर गुप्त खुणा शिवायच्या आणि पळून जाणाऱ्यांना त्यावरून वाट कळायची. खरं आहे का?
— एक वाचक, कुडचडे

नाही. ही कथा १९९९ मधल्या एका पुस्तकामुळे पसरली. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी आपल्या कहाण्या भरपूर सांगून-लिहून ठेवल्या आहेत, त्यांत या खुणांचा पत्ता नाही, आणि इतिहासकारांनी ती मानलेली नाही. गोष्ट सुंदर आहे, म्हणून तर ती थांबत नाही.

त्यापेक्षा हॅरिएट पॉवर्सची माहिती पुढे पाठवा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलाम म्हणूनच जन्मलेली. तिनं बायबलमधल्या प्रसंगांची एक गोधडी शिवली; माणसं, पशू, तारे, सगळं कापून वर लावलेलं. १८८६ मध्ये तिथल्याच अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत ती मांडली होती. तिथल्या एका चित्रकलेच्या शिक्षिकेला ती हवी होती, हॅरिएट विकायला तयार नव्हती. काही वर्षांनी घरात अडचण आली तेव्हा दहा डॉलर मागितले आणि पाच मिळाले. पुढेही ती आपली गोधडी बघायला त्या शिक्षिकेकडे जात असे. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चित्रकलेची शिक्षिका म्हणून ही गोष्ट मला टोचते. कला ओळखण्याइतकी नजर त्या बाईंकडे होती, दहा डॉलर मात्र तिच्या हातून सुटले नाहीत.

*

इतिहासाच्या पुस्तकात मलिक अंबरचं चित्र असतं. तो हबशी होता, गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. पण आफ्रिकेच्या लोकांची अशी चित्रं आपल्याकडे आणखी आहेत का? आणि ती त्यांची कला म्हणायची का?
— निवृत्त शिक्षक, फोंडा

गुरुजी, आहेत, आणि उत्तम आहेत. विजापूरच्या इखलास खानाचं, सुलतानामागे हत्तीवर बसलेलं चित्र १६४५च्या सुमाराचं. त्या काळ्या चेहऱ्यावरचा रुबाब पाहण्यासारखा आहे. आपल्या गोव्याशी जोडलेलंही आहे: रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात सोळाव्या शतकातली एक चित्रपोथी आहे, ७६ चित्रांची, कुणा भारतीय चित्रकारानं पोर्तुगीजांसाठी काढलेली. त्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याची माणसंही आहेत. आणि १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहून गेलेल्या लिन्सखोतेन या डच माणसानं १५९६ मध्ये आपलं पुस्तक छापलं, त्यात जुन्या गोव्याच्या बाजाराचं चित्र आहे. रस्त्यावर घोडे, पालख्या, छत्र्या, आणि विक्रीला उभी केलेली माणसं. आज आपण ज्या रस्त्यानं फेस्ताला जातो, त्याच परिसरात.

पण त्यांची कला म्हणायची का, याला माझं उत्तर नाही असं आहे. ही दुसऱ्यांनी काढलेली त्यांची चित्रं. जहांगीर बादशहाचंच बघा. अंबरला तो कायमचा नमवू शकला नाही. म्हणून १६१६च्या सुमारास त्यानं अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं: भाल्यावर खोचलेलं अंबरचं मुंडकं आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि १६२६ मध्ये आपल्या मरणानं गेला. आणि अंबर हे तरी त्याचं नाव कुठे! ते मालकानं दिलेलं. जन्माचं नाव चापू, असं सांगतात.

इथे मला लुबैना हिमिद या चित्रकर्तीबद्दल सांगायचंच आहे. १९५४ साली झांझिबारला जन्मली, वडील गेल्यावर तान्ही असतानाच आईबरोबर इंग्लंडला आली. आई कापडाचे नमुने रेखाटणारी. २०१७ चं टर्नर हे ब्रिटनमधलं मानाचं कला-पारितोषिक तिला मिळालं, ते मिळालेली ती पहिली काळी स्त्री. २००४ मध्ये तिनं माणसाच्या उंचीच्या, प्लायवूडच्या शंभर आकृत्या रंगवून दालनभर उभ्या केल्या. ढोलवाले, चांभार, खेळणी करणारे, नकाशे काढणारे, औषधी मुळ्या ओळखणारे, कुत्र्यांना शिकवणारे. युरोपातल्या जुन्या चित्रांत मालकाच्या मागे, पडद्याच्या कडेला, फळांची थाळी घेऊन उभे असतात ना, तेच हे लोक. तिनं त्यांना कडेवरून उचलून मध्ये आणलं. प्रत्येकाच्या पाठीवर हिशोबाच्या कागदाचा एक चिटोरा आणि त्यावर पाच ओळी: माझं नाव अमुक, ते मला तमुक म्हणतात, मी पूर्वी हे करायचो, आता हे करतो, तरी माझ्यापाशी हे आहे.

त्या शेवटच्या ओळीत कुणापाशी गाणी आहेत, कुणापाशी रंग. कामाचं नाव 'नेमिंग द मनी'. शंभरही जणांना दोन-दोन नावं. तुमच्या वर्गात मलिक अंबर पुन्हा कुणी शिकवणार असेल, तर मुलांना या पाच ओळी चापूच्या तोंडून लिहायला सांगा.

*

बाई, मी चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या प्रकल्पात मला आफ्रिकन प्रिंट आणि मुखवटे वापरायचे आहेत, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात पाहिलेल्या कापडांवरून सुचलं. एक मैत्रीण म्हणते, ही चोरी आहे. दुसरी म्हणते, कला सगळ्यांची. माझी आई ब्लाउज शिवते, तिला तर ते प्रिंट फार आवडले.
— विद्यार्थिनी, पर्वरी

आधी तुझ्या आईला नमस्कार सांग. तिच्या आवडीत मोठा इतिहास आहे.

तू ज्याला आफ्रिकन प्रिंट म्हणतेस ते बहुधा वॅक्स प्रिंट असणार. मूळ जावा बेटावरचं बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड. एकोणिसाव्या शतकात डच गिरण्यांनी त्याची यंत्रावर नक्कल केली. जावात ती फारशी चालली नाही, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र अशी रुजली की विचारू नकोस. मेणाला तडे जाऊन रंग झिरपतो, ते तिथल्या गिऱ्हाइकाला उलट आवडलं. हॉलंडमधल्या हेल्मोंड गावातली १८४६ पासूनची व्हलिस्को कंपनी आजही ते बनवते. पण कापड गिरणीतून आलं तरी त्याला अर्थ दिला बायकांनी. टोगोच्या लोमे शहरातल्या व्यापारी बायका नक्ष्यांना नावं ठेवत, आणि नाव जमलं की ठाणंच्या ठाणं खपत. त्यांनी इतका पैसा केला की मर्सिडीज गाड्या घेतल्या. लोक त्यांना 'नाना बेन्झ' म्हणू लागले.

यिंका शोनिबारे हा लंडनमध्ये १९६२ साली जन्मून लागोसमध्ये वाढलेला कलावंत हेच कापड वापरतो, ब्रिक्स्टनच्या बाजारातून विकत घेऊन. २०१० मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्यानं एका मोठ्या बाटलीत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं जहाज उभं केलं, त्याला या कापडासारख्या नक्षीची ३७ शिडं. आफ्रिकन म्हणून जे मिरवतो ते जावा, हॉलंड, घाना असं फिरून आलेलं आहे, आणि तरीही ते आमचंच, हे त्याला म्हणायचं आहे.

आता तुला आणखी जवळचं सांगते. नायजेरियाच्या दक्षिणेला कालाबारी लोक राहतात. आपल्याकडच्या मद्रासच्या चौकड्यांचं कापड त्यांच्याकडे शतकानुशतकं जातं. ते त्याला 'इंजिरी' म्हणतात आणि बाळंतपणापासून अंत्यविधीपर्यंत वापरतात. नुसतं नेसत नाहीत. तिथल्या बायका बारीक पात्यानं त्यातले निवडक धागे कापून ओढून काढतात, आणि चौकड्यात नवीनच नक्षी उमटते. त्याला 'पेलेते बिते' म्हणतात, म्हणजे कापलेलं कापड. विणलेलं आपलं, उसवलेलं त्यांनी, आणि उसवून स्वतःचं केलेलं. तुझ्या आईला हे करून दाखव, तिचा हात शिवणारा आहे, तिला लगेच कळेल की हे किती कठीण काम आहे.

चोरी की नाही, हे असं सरसकट ठरत नाही. माझ्यापुरती मी एक कसोटी लावते: ज्या वस्तूबद्दल दहा मिनिटं नीट बोलता येत नाही, ती चित्रात घ्यायची नाही. कापड तू घे. कुठे विणलं, नक्षीचं नाव काय, कुणी दिलं, हे शोध आणि चित्राशेजारी लिही. मुखवटे मात्र सोड. विफ्रेदो लाम या क्यूबाच्या चित्रकारानं 'द जंगल'मध्ये, उसाच्या दाटीत, मुखवट्यांचे चेहरे रंगवले. पण त्याची धर्ममाता सांतेरिया या आफ्रिकेतून आलेल्या पंथाची उपासक होती, ते देव तो लहानपणापासून जाणत होता. तू ते बहुधा चित्रांतच पाहिले असशील. आणि लामचं ते चित्रही न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात कित्येक वर्षं कोट ठेवायच्या खोलीजवळच्या वाटेवर टांगलेलं असायचं. ज्यांच्या मुखवट्यांवर साऱ्या जगानं चित्रं काढली, त्यांच्याच माणसाचं चित्र दाराशी. हे लक्षात ठेवून काम कर.

*

आमच्या पोंबुर्प्याचे चित्रकार वामन नावेलकर मोझांबिकला होते. त्यांना या आफ्रिकी कलावंतांत धरायचं का?
— एक वाचक, पोंबुर्पा

नको. ते उलट्या दिशेनं गेलेले. शिष्यवृत्तीवर लिस्बनला शिकायला गेले, पोर्तुगीज राज्यकर्त्यांना हव्या त्या कागदावर सही न केल्यानं शिष्यवृत्ती गमावली, मग मोझांबिकला शिक्षक झाले. तो देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या धामधुमीत कैद भोगली. तिथून लिस्बनला परतताना शेकडो चित्रांची त्यांची पेटी हरवली, ती कधी सापडली नाही. चित्रांवर सही करत 'गणेश' अशी, गेलेल्या धाकट्या भावाच्या आठवणीत. २०२१ मध्ये ते गेले.

गोवेकर म्हणून ते आपलेच. पण ज्या समुद्रानं खाप्री म्हणून माणसं इकडे आणली, त्याच समुद्रानं त्यांना तिकडे नेलं, आणि त्यांच्या रेषेतली ती अस्वस्थ, सडपातळ माणसं मोझांबिकशिवाय तशी आली नसती असं मला ठाम वाटतं. तुमच्या गावात त्यांची चित्रं कुणाकडे असतील तर दमट भिंतीवरून आधी खाली उतरवायला सांगा. पावसाळा तोंडावर आहे.

*

बाई, माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत 'जगातील मुले' या विषयावर चित्र काढायचं होतं. तिनं आफ्रिकन मुलगा काढला: डांबरासारखा काळा, लालभडक जाड ओठ, पांढरे मोठे डोळे. शाळेत सगळ्यांनी कौतुक केलं. पण आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक नायजेरियन कुटुंब राहतं, त्यांचा मुलगा हिच्याबरोबर खेळतो. त्यानं ते चित्र पाहिलं आणि काही न बोलता घरी गेला. मुलीला कळलं नाही, मला कळलं. आता काय करू?
— एक आई, म्हापसा

तुम्हांला कळलं हे फार मोलाचं आहे. मुलीला रागावू नका. तिनं ते चित्र मनानं काढलेलं नाही. ते लाल ओठ आणि पांढरे डोळे तिच्यापर्यंत पोचायला दोनशे वर्षं लागली आहेत. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टिंगल करणारे खेळ करत. तिथून तो चेहरा जाहिरातींवर, खेळण्यांवर, डब्यांवर, कार्टूनमध्ये आला. मी स्वतः चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. सुरुवातीच्या वर्षांत असली चित्रं माझ्याही हाताखालून गेली आणि मी त्यांना गुण दिले. त्या मुलांची मला आज क्षमा मागावीशी वाटते.

रंगाचं काय करायचं ते सांगते, कारण मुलीचं मन रंगातूनच वळेल. केरी जेम्स मार्शल नावाचा चित्रकार आहे, १९५५ साली अलाबामात जन्मलेला. तो माणसं काळीच रंगवतो, तपकिरी नाही, अगदी काळी. पण त्याचा काळा एक नाही. हस्तिदंती काळा, काजळी काळा, लोखंडी काळा, असे तीन वेगवेगळे काळे तो घेतो; त्यांत कोबाल्ट निळा, क्रोम हिरवा, जांभळा मिसळतो. कुठे थंड काळा, कुठे उबदार. म्हणून त्याच्या चित्रातल्या माणसांच्या गालाचं हाड दिसतं, मानेखालची सावली दिसते, ती माणसं न्हाव्याच्या दुकानात बसतात, बागेत सहलीला जातात. दुसरीकडे एमी शेराल्ड, जिनं मिशेल ओबामांचं २०१८ चं व्यक्तिचित्र काढलं, ती कातडी चक्क राखाडी छटांत रंगवते आणि सगळा रंग कपड्यांना देते. मिशेलबाईंच्या त्या झग्यावरचे तुकडे पाहून तिला जीज बेंडच्या गोधड्या आठवल्या होत्या. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण दोघंही माणूस समोर बसवून त्याच्याकडे नीट पाहतात.

तुमच्या मुलीच्या पेटीत काळा एकच असेल. त्यात थोडा गडद निळा घालायला सांगा, दुसऱ्या वाटीत थोडा लाल आणि पिवळा, तिसऱ्यात हिरवा. तीन वाट्या खिडकीशी ठेवा. मग त्या मुलाच्या आईला आधी स्वतः जाऊन भेटा. काय झालं ते सांगा, आणि तो यायला तयार असेल तरच त्याला बोलवा. ओठ कोणत्या रंगाचे आहेत ते मुलीनं पेटीत नाही, त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं. तो कंटाळला तर चित्र अर्धं राहू द्या. आणि पूर्ण झालं तर खाली 'आफ्रिकन मुलगा' लिहायचं नाही. त्याचं नाव त्यालाच विचारून लिहायचं, तो सांगेल त्या अक्षरांत.